मी मावा खात नाही

मी नोकरी करतो त्या पतसंस्थेत मी तंबाखू-सुपारीचा मावा खातो हा समज कधी पसरला ते मला सांगता येणार नाही. माझ्या कानावर आला तेव्हा तो पक्का झालेला होता. एका संध्याकाळी कॅश जुळवून झाल्यावर मॅनेजर म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल काही म्हणणं नाही, पण काउंटरवर बसून तोंड चालू ठेवू नका. बायामाणसं येतात, बरं दिसत नाही." मी म्हटलं, "साहेब, मी सुपारीसुद्धा खात नाही." ते हसले. आमच्या सांगली जिल्ह्यात मावा खाणारा प्रत्येक जण हेच सांगतो, त्यामुळे त्यांच्या हसण्याला मी नावं ठेवत नाही.

मला स्किझोफ्रेनिया आहे. 1999 पासून औषधं चालू आहेत. मधे दोनदा आजार उलटला, ते दिवस सोडले तर नोकरी टिकली, आईचं म्हातारपण सांभाळता येतंय, माणसांत आहे. हे सगळं गोळ्यांमुळे झालं हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणी आपल्या किंवा घरच्या माणसाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या, तर मी हे लिहिलंच नसतं तर बरं झालं असतं असं मला वाटेल.

ह्या औषधांनी शरीराच्या हालचाली बिघडतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्या बिघाडाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची रोग्याला होणारी जाणीव अगदी निराळी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते अंगावर निघाल्यावर कळलं.

पहिला प्रकार सोपा. हॅलोपेरिडॉल ह्या माझ्या आजारावरच्या जुन्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत माझी मान डावीकडे वळली ती वळलीच. डोळे छताला लागले, खाली येईनात. जीभ जड झाली. आत्या म्हणाली, अंगात आलंय. तिने लिंबू उतरवून गच्चीवरून फेकला. माझ्या उशाशी उदबत्ती लागली. रात्रपाळीच्या सिस्टरने मात्र एका नजरेत ओळखलं आणि फेनर्गनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ. ह्याला डिस्टोनिया म्हणतात, तरुण पुरुषांत जास्त होतो आणि औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच होतो. इथे जाणीव-बिणीव काही प्रश्नच नाही. मान मोडल्यासारखी दुखते, आख्ख्या वॉर्डाला दिसते.

दुसऱ्याने मात्र माझे हाल केले. काही आठवड्यांनी पाय बसू देईनात. म्हणजे दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या, पेटके नव्हते. आतून काहीतरी वर चढत होतं आणि चालल्याशिवाय ते उतरत नव्हतं. परड्यातल्या नळापासून पुढच्या दारापर्यंत मी फेऱ्या घालायचो. दाराशी पोचलो की वाटायचं आता बसावं. बसलो की मांडी घालायच्या आत उठायचो. बहिणीच्या लग्नात पंगतीला बसलो, वरणभात येईपर्यंत उठून मांडवाबाहेर. पाहुण्यांत कुजबुज झाली. झोपेची गोळी घेतल्यावरच काय ते पाय थांबायचे.

ह्याचं नाव अकॅथिसिया. पण त्या वेळच्या दवाखान्यात माझ्या कागदावर 'अस्वस्थता वाढली' असं लिहिलं गेलं आणि गोळीचा डोस वाढवला. डोस वाढला तसे पाय आणखी पेटले, मग पुन्हा 'अस्वस्थता'. आजारामुळे येणारी बेचैनी आणि औषधामुळे येणारी बेचैनी बाहेरून सारखीच दिसते. मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तकांत हा घोटाळा होतो हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी होतो. त्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करावं असं माझ्या मनात आलं होतं. कानातल्या आवाजांमुळे नव्हे, पायांमुळे. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय.

सुटका केली ती दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. मी येरझाऱ्या घालत होतो, ते बघत होते. मग विचारलं, "ही तळमळ डोक्यात आहे की पायांत?" मी म्हटलं, "पायांत." त्यांनी हॅलोपेरिडॉल कमी केलं आणि प्रोप्रॅनोलॉल दिलं. बीपीची म्हणून आपल्याला माहीत असलेली साधी गोळी. आठवड्याभरात मी खुर्चीवर बसून पेपर वाचला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, राशिभविष्यासकट.

तिसरा प्रकार इतका हळूहळू आला की तो मला दिसला तो वहीत. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता, रोजकीर्द हातानेच लिहायची. वर्षअखेरीला ऑडिटर आले. पानं चाळता चाळता त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "एप्रिलमधला लेखनिक आणि मार्चमधला लेखनिक एकच का?" एप्रिलमधले माझे आकडे टपोरे होते. मार्चपर्यंत ते मुगाच्या डाळीएवढे झाले होते, आणि ओळीच्या शेवटी आणखी बारीक. चालताना माझा उजवा हात हलत नव्हता हे नंतर बहिणीने सांगितलं. चेहरा 'कायम रुसल्यासारखा' झाला होता हे आईने सांगितलं, पण ते ती माझ्या लहानपणापासून म्हणत आलीय. हा औषधाने आलेला पार्किन्सनसारखा प्रकार. त्यावर पॅसिटेन आली, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल. हात सुटला, अक्षर सुधारलं, आणि ती गोळी माझ्या डबीत कायमची राहून गेली. तिची गरज अजून आहे का, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं कुणी विचारला नाही.

मग आला मावा.

मॅनेजरांनी टोकलं त्याच सुमारास बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. भाचीने मोबाईलवर सगळं शूट केलं होतं. रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, रागावू नको हं. तू सारखी जीभ का फिरवतोस?" मी म्हटलं, "कुठे?" तिने फोन पुढे केला. सत्यनारायणाची कथा चाललीय, मी खांबाला टेकून बसलोय. ओठ चंबू होतात, सुटतात. जीभ डाव्या गालाला आतून ढकलते, गाल फुगतो. मधूनच जिभेचं टोक बाहेर येऊन आत जातं. कुणी माझ्याशी बोललं की सगळं थांबतं, बोलणं संपलं की पुन्हा सुरू.

मी तो तुकडा परत परत पाहिला. मग भाचीला विचारलं, "आत्ता, बघताना, माझं तोंड हलतंय का?"

ती म्हणाली, "हो."

मला काहीही जाणवत नव्हतं. ओठाला ओठ लागल्याचं नाही, गाल ताणल्याचं नाही. मी गालावर बोट ठेवलं तेव्हा आतून जिभेचा धक्का बोटाला लागला, म्हणजे बोटाला कळलं आणि तोंडाला कळलं नाही. ह्या प्रकाराने मी त्या रात्री जितका घाबरलो तितका आजाराच्या सुरुवातीलाही घाबरलो नव्हतो.

ज्याने मला जीव नकोसा केला होता तो त्रास कुणाला दिसला नव्हता. आणि आख्ख्या गावाला दिसत होतं त्याचा मला पत्ताच नव्हता. डॉक्टर जेव्हा विचारतात, "गोळ्यांचा काही त्रास?", तेव्हा रोगी फक्त पहिल्या जातीचा त्रास सांगू शकतो. दुसऱ्या जातीबद्दल तो मनापासून "नाही" म्हणतो आणि प्रिस्क्रिप्शन पुढे चालू राहतं. दर महिन्याला मी हेच करत होतो, आणि त्या "नाही"त खोटं काही नव्हतं.

आता ज्यांच्याकडे जातो त्या मॅडम जिल्ह्याच्या गावी बसतात. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "आपण एम्स करू." मला वाटलं दिल्लीला पाठवतायत. एम्स म्हणजे ॲबनॉर्मल इनव्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल, आपोआप होणाऱ्या हालचाली मोजायचा, 1976 साली अमेरिकेत तयार झालेला एक कागद. यंत्र नाही, रक्त काढायचं नाही, खर्च नाही. लागते ती बिनहातांची कडक खुर्ची आणि दहा मिनिटं.

तपासणी मी आत जायच्या आधीच सुरू झाली होती हे नंतर कळलं. दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर बाकावर मी कसा बसलोय ते मॅडम बघत होत्या. रोग्याला माहीत नसताना बघायचं, हे त्या कागदावरच लिहिलेलं आहे. आत गेल्यावर पहिला प्रश्न, "तोंडात काही आहे का? चॉकलेट, सुपारी?" मला हसू आलं. मग दातांचं विचारलं, कवळी आहे का, दाढ दुखते का. दात खराब असले तरी माणूस तोंड हलवत राहतो, म्हणून तेही नोंदवायचं असतं. आणि मग, "तुमच्या तोंडाची, हातापायांची काही हालचाल आपोआप होते असं तुम्हाला वाटतं का?" व्हिडिओ बघितल्यामुळे मला उत्तर माहीत होतं. पण वाटतं का असं विचारलं होतं. मी म्हटलं, "वाटत नाही. लोक सांगतात."

खुर्चीवर बसवलं, हात गुडघ्यांवर, पाय थोडे फाकलेले, तळवे जमिनीला. मग हात मांड्यांमधून खाली लोंबते सोडायला सांगितले. तोंड उघडा, दोनदा. जीभ बाहेर काढा, दोनदा. नंतर अंगठ्याला एकेक बोट भराभर टेकवायला सांगितलं, आधी उजवा हात, मग डावा. मला वाटलं बोटांची परीक्षा आहे, म्हणून मी मन लावून बोटं टेकवत होतो. मॅडम बोटांकडे बघतच नव्हत्या, त्या तोंडाकडे बघत होत्या. लक्ष दुसरीकडे गुंतलं की ह्या हालचाली वाढतात. लक्ष दिलं तर थोडा वेळ दाबता येतात, आणि झोपेत पूर्ण थांबतात. मग उभं केलं, हात पुढे, तळवे खाली. शेवटी दारापर्यंत चालून वळून यायचं, तेही दोनदा. माझा डावा हात चालताना पेटी वाजवल्यासारखा बोटं हलवत होता हे नवीन कळलं.

कागद त्यांनी माझ्यासमोरच भरला. चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय, धड, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जिभेला माझे तीन. खाली दहाव्या ओळीत रोग्याच्या जाणिवेसाठी वेगळा रकाना असतो: शून्य म्हणजे जाणीवच नाही, एक म्हणजे जाणीव आहे पण त्रास वाटत नाही, आणि तसं चढत चार म्हणजे जाणीव आहे आणि फार त्रास वाटतो. मॅडमनी तिथे शून्य लिहिलं. मी म्हटलं, "पण मला माहीत आहे की." त्या म्हणाल्या, "माहीत आहे, जाणवत नाही. आणि तुमच्या आजारात हे बऱ्याच जणांचं होतं." मी विचारलं, म्हणजे मला अजून आजाराची समज नाही असा अर्थ होतो का? हा प्रश्न आम्हा लोकांच्या मनात कायम टपून असतो. त्या नाही म्हणाल्या. आपल्याला आजार आहे हे कळणं आणि आपली जीभ हलतेय हे जाणवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला पहिली बऱ्यापैकी येते. दुसरीच्या बाबतीत मी कोराच आहे.

ह्या शेवटच्या प्रकाराचं नाव टार्डिव्ह डिस्कायनेसिया. औषध महिनोन् महिने, वर्षानुवर्षं घेतल्यावर तो येतो. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसतं ते ही औषधं अडवून धरतात. फार काळ अडवले की ते जास्तच हळवे होतात, असा एक जुना आणि अजून टिकून असलेला अंदाज आहे. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्या प्रौढांत दर वर्षी साधारण शंभरातल्या पाच जणांना तो होतो, उतारवयात त्याहून कितीतरी जास्त. नव्या गोळ्यांत प्रमाण कमी, पण होत नाही असं नाही. हा प्रकार वैद्यकात नोंदला गेला 1957 साली, म्हणजे ह्या जातीचं पहिलं औषध पॅरिसमध्ये वापरात आल्यावर पाचच वर्षांनी. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. आणि मला त्याचं नाव कळलं ते माझ्या जिभेला तीन गुण मिळाल्यावर.

इथे थोडं चिडून लिहितो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 22 व्या कलमात रोग्याला उपचाराची आणि त्याच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांची माहिती, त्याला समजेल अशा भाषेत, मिळण्याचा हक्क दिलेला आहे. माझं औषध कायद्याच्या आधीपासूनचं, पण कायदा आल्यावरही मी दर महिन्याला रांगेत उभा होतोच की. "रोग्याला दुष्परिणाम सांगितले तर तो गोळ्या सोडेल" हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. मी गोळ्या सोडल्या होत्या त्या अकॅथिसियामुळे, आणि तो मला कुणीच सांगितला नव्हता.

उपचार वेळखाऊ होता. माझी पहिली मागणी होती की हॅलोपेरिडॉल आजच बंद करा. मॅडमनी सरळ नकार दिला. एकदम बंद केलं तर आजार उलटतो, शिवाय हालचालीही उसळतात, कारण जी गोळी ह्या हालचाली आणते तीच त्यांना काही अंशी झाकूनही ठेवते. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. आधी पॅसिटेन हळूहळू उतरवली. ती हाताच्या थरथरीला चांगली, पण जिभेच्या ह्या प्रकाराला उपयोगाची नाही, उलट वाढवू शकते. ती गेल्यावर माझी तोंडाची कोरड आणि विसरभोळेपणा बराच कमी झाला. तो विसरभोळेपणा मी वयाच्या खात्यावर टाकला होता. नंतर हॅलोपेरिडॉल पायरीपायरीने खाली आणि क्वेटियापिन ही नव्या पिढीची गोळी पायरीपायरीने वर. क्लोझापिन ह्या दुसऱ्या गोळीचीही चर्चा झाली. त्यात सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. ते आम्ही राखून ठेवलं.

डोस उतरत होता तेव्हा जिभेचं प्रकरण सांगितल्याप्रमाणे आधी वाढलं. घास गालात अडकायचा, बोलताना 'र' आणि 'ळ' घसरायचे. मी मॅनेजरांना मॅडमचं पत्र नेऊन दाखवलं. ते वाचून गप्प बसले आणि मला काउंटरवरून आतल्या टेबलावर घेतलं. त्यांनी चांगल्या मनाने केलं असेल, मला काउंटर आवडायचा. काही महिन्यांनी हालचाली उतरायला लागल्या. उरलेल्यासाठी टेट्राबेनाझिन हे अशा हालचाली कमी करणारं औषध कमी मात्रेत सुरू केलं. त्याने मन खचू शकतं, त्यामुळे दर भेटीत मॅडम झोप, भूक आणि मनात येणारे विचार तिन्ही विचारतात. अमेरिकेत 2017 साली ह्याच जातीची व्हॅल्बेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन ही दोन औषधं खास ह्या विकारासाठी मंजूर झाली.

तोंडाचं तोंडाला कळत नाही हे एकदा मान्य केल्यावर मी आजूबाजूला पुरावे शोधायला शिकलो. डाव्या गालाच्या आत दातांच्या उंचीवर पांढरी रेघ उमटली की समजायचं, चाळा वाढलाय. खालच्या ओठाचा कोपरा चिरलेला असला तरी तेच. चहाची बशी किणकिणली तर हात. समोरचा माणूस बोलताना माझ्या डोळ्यांऐवजी हनुवटीकडे बघायला लागला तर ओठ. आणि महिन्यातून एकदा भाची व्हिडिओ घेते: तीच खुर्ची, तोच उजेड, दोन मिनिटं मी गप्प बसायचं आणि दोन मिनिटं बोटं टेकवत वारांची नावं उलटी म्हणायची. मागचा आणि आताचा शेजारी लावून बघितले की फरक दिसतो. आईला विचारून उपयोग नाही. ती रोज बघते, तिच्या नजरेला सवय झालीय. शिवाय तिला माझं काहीच वाईट दिसत नाही.

भाचीच्या ह्या नजरेचा एक वेगळाच फायदा झाला. माझ्या मामांना गॅस होतो म्हणून ते दोन वर्षं एक कॅप्सूल घेत होते. हात थरथरायचे, पावलं घासत चालायचे. घरात सगळे म्हणत, वय झालं. भाची म्हणाली, "हे तुझ्या जुन्या व्हिडिओसारखे चालतायत." कॅप्सूलच्या पाकिटावर ॲसिडिटीच्या पॅन्टोप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. तेही डोपामिनच अडवतं, मूळचं मनोविकारावरचं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडचंही तसंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये त्याच्या माहितीपत्रकावर टार्डिव्ह डिस्कायनेसियाचा ठळक इशारा छापायला लावला. मामांच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बदलली आणि काही महिन्यांत मामा पाऊल उचलून चालायला लागले. वेड्यांच्या गोळ्या म्हणून माझ्या डबीकडे नाक मुरडणारे हेच मामा.

दुष्परिणाम कळवायला सरकारची सोयही आहे, औषध सतर्कता कार्यक्रमाचा फोन 1800-180-3024, आणि रोग्याने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही निघतो. माझा मॅडमनीच भरून पाठवला.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय की अशी औषधं घेणाऱ्याची ही तपासणी निदान वर्षाला एकदा, आणि धोका जास्त असेल तर सहा महिन्यांनी व्हावी. मॅडम माझी सहा महिन्यांनी करतात. मागच्या वेळी जिभेला एक मिळाला, हाताला शून्य. दहाव्या ओळीपाशी त्या थांबल्या. मी सांगितलं की काल रात्री पडल्या पडल्या, दिवा मालवल्यावर, एकदा जीभ वळवळल्यासारखी वाटली. खरंच वाटली की आता सारखं लक्ष ठेवून तसं वाटतंय, मला सांगता येणार नाही. त्यांनी थोडा विचार करून एक लिहिला आणि शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. डोस आहे तसाच ठेवलाय. पुढच्या वेळी उपाशीपोटी साखर तपासून यायचंय, कारण क्वेटियापिनवर माझं वजन वाढायला लागलंय.